हवाई कारकुनी

चाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला कोणते छंद शोभतात याची एक अलिखित यादी समाजाने करून ठेवली आहे. सकाळी फिरणं, हास्यक्लब, गच्चीत मिरच्या लावणं, पेटी शिकायला घेणं आणि तीन महिन्यांनी सोडणं. ट्रेकिंगही चालतं, कारण त्यासाठी पहाटे उठावं लागतं आणि पहाटे उठून केलेली कुठलीही गोष्ट आपल्याकडे पुण्याच्या खात्यात जमा होते. माझा छंद या यादीत बसत नाही. मी बँकेत कारकून आहे. शिक्षण बी. कॉम., वय सेहेचाळीस, मुक्काम नाशिक. आणि रोज रात्री जेवणं आटोपली की मी लढाऊ विमान चालवतो.

विमान अर्थातच खोटं, कॉम्प्युटरमधलं. उजव्या हाताशी जॉयस्टिक, डाव्या हाताशी थ्रॉटल, पायाखाली रडरची पेडलं. पेडलं फरशीवर सरकतात म्हणून त्यांच्यामागे आजीच्या जात्याचा खालचा दगड लावला आहे. जगातल्या कुठल्याही हवाई दलाकडे ही सोय नसेल.

एके रात्री आमच्या सोसायटीतले नाना गणपतीची वर्गणी मागायला आले. मी तेव्हा कोरियाच्या हद्दीवर वीस हजार फुटांवर होतो, त्यामुळे उठता आलं नाही. नाना माझ्यामागे दोन मिनिटं उभे राहिले आणि आमच्या हिला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "या वयात व्हिडिओ गेम?" पुढच्या मीटिंगपर्यंत ही बातमी तिन्ही विंगना समजली होती. लहान मुलं मला लिफ्टमध्ये 'पायलट अंकल' म्हणू लागली आणि मोठी माणसं काहीच म्हणेनाशी झाली.

बँकेने मला एक शिकवलं आहे : तोंडी खुलासा फाइलला लागत नाही. म्हणून हा लेखी खुलासा.

आरोप पहिला : हा पोरखेळ आहे.

पोर असताना मी हा खेळ खेळलो, हे खरं. एका मित्राच्या वडिलांचं टॅक्सच्या कामाचं ऑफिस होतं. संध्याकाळी ते घरी गेले की त्यांच्या कॉम्प्युटरवर आम्ही 'एफ-१९ स्टेल्थ फायटर' लावायचो. हा खेळ १९८८ सालचा, मायक्रोप्रोज कंपनीचा. गंमत म्हणजे एफ-१९ नावाचं विमानच नव्हतं! अमेरिकेकडे रडारला न दिसणारं विमान आहे अशी कुजबुज होती, त्यावरून कंपनीने आपल्या मनाने एक विमान काढलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेने खऱ्या विमानाचा फोटो प्रसिद्ध केला, तर त्याचं नाव एफ-११७ आणि रूप भलतंच. म्हणजे नाव खोटं, फोटो दुसऱ्याचा आणि खात्यावर व्यवहार मात्र धडाक्यात. असली खाती सापडली की आमच्याकडे ऑडिटर खुर्चीतून उठून उभा राहतो.

पण ओळख पटवण्याबाबत तो खेळ फार कडक. सुरुवातीला एका विमानाची आकृती दाखवून 'हे कोणतं?' असं विचारायचा. उत्तर चुकलं की खऱ्या मोहिमेवर सोडत नसे. उत्तरं छापील पुस्तिकेत, आणि आमची फ्लॉपी म्हणजे नकलेच्या नकलेची नक्कल. पुस्तिका कुठून येणार? आम्ही वाचनालयातून विमानांचं पुस्तक आणून सगळ्या आकृत्या पाठ केल्या. केवायसीची कटकट खातेदाराच्या बाजूने मी चौदाव्या वर्षीच भोगली आहे.

त्या खेळातले डोंगर म्हणजे हिरवे त्रिकोण. आमचे चिरंजीव तो खेळ बघून म्हणाले, "बाबा, हे ढोकळ्यासारखं दिसतंय." दिसू दे. उरलेलं आम्ही मनाने भरत होतो, आणि नाशिकच्या पोरांकडे भरायला माल भरपूर होता. जवळच ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना. १९६० च्या दशकापासून तिथे मिग बनत आले. शाळेत कवायत चालू असताना आवाज यायचा. आवाजाच्या दिशेने बघावं तर विमान केव्हाच पुढे गेलेलं. सर ओरडायचे, "सावधान!" पण माना सगळ्यांच्या वर. त्या हिरव्या त्रिकोणांवरून उडताना तोच आवाज माझ्या कानात असायचा.

'जुनं ते टाकाऊ' म्हणणाऱ्यांना मी 'फाल्कन ४.०' दाखवतो. डिसेंबर १९९८ मधला हा खेळ. त्याची पुस्तिका पाचशेहून अधिक पानांची, कड्या लावलेल्या जाड फाइलीत, थेट सर्क्युलरच्या फाइलीसारखी. त्यात कोरियात युद्ध चालू असतं आणि ते तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही उडा, नाहीतर चहा प्यायला जा. रणगाडे पुढे सरकतात, पूल पडतात. आमच्या शाखेचं तसंच आहे. मी रजेवर गेलो तरी ती चालते, हे मला कळतं आणि थोडं लागतं. पुढे तो खेळ बनवणारी मंडळी पांगली, पण हौशी लोकांनी तो दुरुस्त करत करत आजपर्यंत जिवंत ठेवला आहे, तोही विनामोबदला. पोरखेळ पंचवीस वर्षं सांभाळायला पोरं लागत नाहीत, चिकट माणसं लागतात.

आणि नव्या सिम्युलेटरांचं तर बोलायलाच नको. 'डीसीएस'मधल्या ए-१० सी विमानात नुसतं इंजिन चालू करायचं तर बॅटरी, इन्व्हर्टर, इंधनाचे पंप, एपीयू, त्याचा जनरेटर, मग डावं इंजिन, मग उजवं, असा क्रम. त्यानंतर आपण पृथ्वीवर नेमके कुठे उभे आहोत हे समजून घ्यायला विमानाची यंत्रणा काही मिनिटं घेते. आमच्या एका मॅनेजरसाहेबांना त्याला सहा महिने लागले होते. एक स्विच विसरला तर विमान हलत नाही, एक सही विसरली तर व्हाउचर हलत नाही. लोकांना वाटतं मी रात्री बँक विसरायला उडतो. छे! मी रात्रपाळी करतो. फरक इतकाच, की इथे काउंटरपलीकडे कोणी "अजून किती वेळ?" म्हणून विचारत नाही.

आरोप दुसरा : याचा उपयोग काय?

'लिंक नाही' हे वाक्य मी काउंटरवर दिवसातून दहादा उच्चारतो. पण १९२९ साली अमेरिकेत एक लिंक होता. एडविन लिंक. त्याच्या वडिलांचा ऑर्गनचा कारखाना होता. ऑर्गन म्हटलं की आपल्याला बालगंधर्व आठवतात. या गृहस्थाने ऑर्गनचे भाते घेऊन एक खोटं विमान केलं. बुटके पंख लावलेलं खोकं, त्यात माणूस बसवायचा, वरून झाकण लावायचं आणि आतले काटे बघून 'उडायला' सांगायचं. लोकांनी ते जत्रेतलं खेळणं ठरवलं. तिथेही नाना असणारच. मग १९३४ मध्ये अमेरिकेच्या लष्करी वैमानिकांवर टपाल वाहण्याचं काम आलं. धुकं, बर्फ, रात्र. काही आठवड्यांत दहाहून अधिक वैमानिक गेले. तेव्हा लष्कराने ही सहा 'खेळणी' विकत घेतली, आणि दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

मला स्वतःला उपयोग विचाराल तर शून्य. हवाई दलात माझी बदली होण्याची शक्यता नाही. पण पहिल्या मजल्यावरच्या काकांना कोणी विचारत नाही, की तुम्ही पेटी कोणाच्या साथीसाठी शिकताय? मजा येते, म्हणून शिकतात. मला विमान उडवायला मजा येते. या एका वाक्यासाठी इतका दारूगोळा खर्च करावा लागतो, हीच माझी तक्रार आहे.

आरोप तिसरा : हे युद्धाचं वेड आहे.

हा आरोप हसण्यावारी नेता येत नाही. लढाऊ विमान पाडण्यासाठी आणि पेटवण्यासाठीच केलेलं असतं. मी तेच करतो, वर मजा येते असंही म्हणतो. म्हणून मी माझं रजिस्टर सादर करतो. होय, रजिस्टर आहे. तारीख, विमान, ठिकाण, मृत्यूचं कारण. आजपर्यंत मी ४१२ वेळा मेलो. पैकी शत्रूच्या हातून ९६ वेळा. बाकी सगळे माझ्याच हस्ते : जमिनीवर आपटून, इंधन संपून, दोनदा चाकं खाली घ्यायला विसरून. आमची ही आतून विचारते, "अहो, मरून झालं असेल तर दूध विरजून ठेवा."

'आयएल-२ स्टुर्मोविक' नावाचा २००१ सालचा खेळ आहे. त्यातलं हे रशियन विमान युद्धकाळात ३६ हजारांहून अधिक बनलं. वैमानिक चिलखती टबात बसायचा. १९४२ पासून त्याच्या पाठीमागे एक बंदूकवाला दिला, पण त्याची जागा चिलखताच्या बाहेर. खेळात मागची बंदूक अचानक गप्प होते, आणि आपल्याला वळून बघावंसं वाटत नाही. मी मात्र बघितलं. त्या रात्री पुढे खेळलो नाही.

आणि २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने मिग-२१ ला निरोप दिला, तेव्हा मी रात्री तेच विमान घेऊन बसलो. ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग असताना धावपट्टी अंगावर येते. अकरा वेळा आपटलो, बाराव्यांदा उतरलो. प्रत्येक वेळी एक बटण दाबलं की विमान कोरं, मी कोरा. आमच्या कवायतीच्या माना वर करायला लावणाऱ्या त्या शेकडो विमानांना अपघात झाले, कित्येक तरुण मुलं गेली. त्यांच्यापाशी ते बटण नव्हतं. माझ्या सिम्युलेटरमध्ये सगळं खरं आहे, फक्त भीती तेवढी खोटी आहे, हे मी विसरत नाही.

आता नानांचं सांगतो. मे २०२५ मध्ये सीमेवर चार दिवस विमानं आणि क्षेपणास्त्रं चालली. त्या चार दिवसांत सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळ्यात जास्त हल्ले नानांनी केले. शस्त्रसंधी झाली तेव्हा त्यांना ती वैयक्तिक फसवणूक वाटली. "अजून आत घुसायला हवं होतं!" रात्री पावणेबाराला, सोफ्यावरून. त्या ग्रुपवर सगळ्यात गप्प मी होतो. ज्याला खोट्या वाऱ्यात खोटं विमान उतरवता येत नाही, तो खऱ्या पोरांना 'घुसा' म्हणायला जरा चाचरतो. मग युद्धाचं वेड नेमकं कोणाला म्हणायचं?

परवा मी नानांना आग्रहाने बोलावलं, खुर्चीत बसवलं, पाय जात्यावर टेकवले. पहिल्यांदा ते धावपट्टी सोडून गवतात गेले. दुसऱ्यांदा हँगरमध्ये. तिसऱ्यांदा उडाले आणि "अहो, हे वाकडं का जातंय?" म्हणेपर्यंत समुद्रात. मी सांगितलं, "नाना, वारा आहे." रजिस्टरमध्ये त्यांच्या नावाचं पान उघडलं. नाना घाम पुसत म्हणाले, "तुमची खुर्ची बरोबर नाही."

नाना बदलले असं मी म्हणणार नाही. दुसऱ्याच दिवशी ग्रुपवर त्यांचा संदेश आला : 'एकदा आत घुसून सोक्षमोक्ष लावायलाच हवा.' फक्त शेवटी कंसात दोन शब्द जास्त होते : (हवामान बघून).