मृगाआधी लस, नाही तर कोठ्यात मढे



मृगाचा पाऊस पडतो, कपाशी टोबायची घाई उडते, धुऱ्यावर हिरवे फुटते आणि मग गावोगावी तेच ऐकू येते. काल संध्याकाळी उड्या मारत आलेले करडू सकाळी कोठ्यात ताठ पडलेले. पहिला संशय सापाचा, दुसरा शेजाऱ्याचा. ज्या जिल्ह्याने २०१७ साली फवारणीच्या विषाने माणसे मरताना पाहिली, तिथे ‘कोणीतरी औषध घातले’ असे मनात यायचेच. त्यावरून धुऱ्याचे जुने भांडण उकरले जाते. आणि बऱ्याचदा मारेकरी त्या करडाच्या आतड्यातच असतो. या रोगाला आंत्रविषार म्हणतात.

क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हे त्या जंतूचे नाव. तो मातीत असतो, लेंड्यांत असतो आणि धडधाकट बकरीच्या आतड्यातही थोड्या संख्येने मुक्कामाला असतो. एरवी त्याचा त्रास नाही. बिघडते ते चारा एकाएकी बदलला की. उन्हाळाभर वाळल्या काडीवर काढलेल्या बकरीला एका दिवसात पोटभर लुसलुशीत गवत मिळाले, ज्वारीच्या काढणीनंतर पडलेली कणसे तिने हावरेपणाने खाल्ली, किंवा लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात आपणच कौतुकाने तिच्यापुढे ओतला, की न पचलेला पिठूळ अंश लहान आतड्यात उतरतो. जंतूला आयती मेजवानी. काही तासांत तो बेसुमार वाढतो आणि त्याचे विष रक्तावाटे मेंदू व मूत्रपिंडापर्यंत पोहोचते. डॉक्टरला बोलवायलाही वेळ मिळत नाही. मोठी बकरी कधी दोन-चार दिवस पातळ, रक्तशेंबाळ हगते आणि पोटदुखीने ओरडते. तिला वाचवायची निदान संधी असते.

या रोगाचा उफराटा न्याय असा, की खंगलेले जनावर राहते आणि कळपातले सगळ्यात गुटगुटीत करडू आधी जाते. ईदेच्या बाजारासाठी राखलेला, मूठभर जास्त दाणा खाल्लेला बोकड जातो. कापसाचा चुकारा हाती येईपर्यंत किराणा, बियाण्याची थैली, पोराची फी हे सारे ज्याच्या भरवशावर असते तोच हा बोकड. बहुतेक घरांत तो मायबहिणीचा असतो. बकरी सातबाऱ्यावर नसते, म्हणून तिचे मरण कुणाच्या हिशेबात येत नाही.

रोग जंतूपेक्षा पाळण्याच्या पद्धतीतून येतो, हे युरोपातल्या डुकरे पाळणाऱ्यांना महागात शिकावे लागले. वाढीसाठी खुराकात प्रतिजैविके मिसळायला स्वीडनने १९८६ साली बंदी घातली, तेव्हा दूध तोडलेल्या पिलांत हगवण वाढली. कारणे जुनीच होती. आईपासून लवकर तोडणे, एकदम नवा खुराक, गर्दी, वेगवेगळ्या कोठ्यांतली पिले एकत्र कोंबणे. तिथल्या शेतकऱ्यांनी दूध उशिरा तोडले, खुराक बदलला, खोल्या रिकाम्या करून धुतल्या. युरोपीय संघाने अशा मिसळणीवर २००६ साली पूर्ण बंदी आणली, आणि आपल्याकडे कोलिस्टिन हे औषध खाण्याच्या जनावरांसाठी वापरायला २०१९ साली मनाई झाली. तेव्हा दुकानदार पुडी पुढे करील तर ती घेऊ नका. रात्रीतून मरणाऱ्या करडाला ती वाचवीत नाही.

वाचवते ती लस. पुण्याला औंध येथे राज्याचीच संस्था जनावरांच्या लसी बनवते, त्यांत आंत्रविषाराची लसही आहे. पण लस वेळेत टोचली तरच उपयोग. पहिल्यांदा टोचताना दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा लागतात आणि जोर यायला आणखी पंधरवडा. मृगापासून उलटे मोजा, पहिली मात्रा मेच्या सुरुवातीलाच पडली पाहिजे. जुलैत आलेली लस कागदावरचा आकडा भरते. बकरीत या लसीचा जोर मेंढीपेक्षा लवकर ओसरतो, म्हणून सहा महिन्यांनी, म्हणजे ज्वारीच्या काढणीच्या सुमारास, पुन्हा टोचावी. गाभण बकरीला विण्याच्या महिनाभर आधी टोचली तर तिच्या चिकातून पिलाला काही आठवडे आधार मिळतो.

लस टोचली म्हणून दाण्याच्या पोत्याचे तोंड उघडे टाकायचे नाही. पहिले आठ-दहा दिवस सकाळी कडबा किंवा तुरीचे कुटार पोटात घालूनच बकऱ्या सोडा. पहिल्या दिवशी हिरव्यावर तासभर, मग रोज थोडे वाढवत. दाणाही तसाच, मुठीमुठीने. (पावसाने ताण दिलेली कोवळी ज्वारी खाऊन जनावर तडकाफडकी पडते ती किराळ, तो जंतूचा रोग नव्हे. तिला ही लस चालत नाही.)

या बैठकीला येताना प्रत्येक गावाने घरवार बकऱ्यांची यादी आणावी. ती यादी जोडून पशुवैद्यकीय दवाखान्याकडे एप्रिलमध्येच लेखी मागणी करायची आणि पोच घ्यायची. लस बर्फाच्या डब्यातून आली का ते पाहा. उन्हात तापलेली नको, गोठलेलीही नको. आणि करडू मेलेच, तर शेजाऱ्याच्या दारात जाण्याआधी त्याच दिवशी शवविच्छेदन मागा. उशीर झाला तर खूण राहत नाही. मढे नाल्यात न टाकता खोल पुरा. दवाखान्याच्या वहीत मरणाची नोंद करून घ्या, पुढच्या वर्षी किती लस मागायची हे त्याच वहीवरून भांडता येईल.