कुठला पार्ट गेलाय ते सांगा

ईदनंतरच्या आठवड्यात आमच्या ऑफिसात एक चाचा आले. पन्नाशी ओलांडलेले, बोटांच्या रेषांत काळं ग्रीस मुरलेलं. फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं काम करतात. बसल्या बसल्या त्यांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला. आम्हीच त्यांच्या मुलाला पाठवलेल्या इंग्रजी ई-मेलची ती प्रिंट होती. दोनच ओळी. सध्या आपली निवड करता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

"भाई, पोराला घेतलं नाही याची तक्रार नाही," ते म्हणाले. "पण मी मेकॅनिक आहे. गिऱ्हाइकाचा फ्रिज बंद पडला तर कॉम्प्रेसर गेलाय की थर्मोस्टॅट, ते मी त्याला सांगतो. माझ्या पोराचा कुठला पार्ट गेलाय ते तुम्ही सांगितलंच नाही."

आम्ही मियाँ-बीवी मिळून पुण्यात एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी चालवतो. दोन खोल्या, अकरा माणसं. दुकानं, शाळा, दवाखाने यांच्यासाठी वेबसाइट आणि हिशेबाची कामं करून देतो. या सदराच्या वाचकांकडून आम्हाला एक प्रश्न नेहमी येतो : मुलाला, मुलीला कॉम्प्युटरचा कोणता कोर्स लावावा म्हणजे नोकरी लागेल? त्या दिवशी चाचांना जे सांगितलं तेच इथे लिहीत आहोत. खरं तर ते त्यांच्या मुलाला महिनाभर आधीच सांगायला हवं होतं.

जागा दोन होत्या, अर्ज तीनशेच्या वर. एवढे कागद वाचायला आमच्याकडे वेगळा माणूस नाही, म्हणून रात्री जेवणं झाल्यावर आम्हीच वाचत बसलो. त्यात चार अर्ज एकाच क्लासचे निघाले. चौघांनीही 'स्वतः तयार केलेली' म्हणून दाखवलेली कपड्यांच्या दुकानाची वेबसाइट एकच होती. रंग वेगळे, दुकानाचं नाव वेगळं, पण एका बटणावरच्या इंग्रजी शब्दाची चूक चारही ठिकाणी तीच. चाचांचा मुलगा त्या चौघांतला एक. क्लासची फी भरायला चाचांनी उसनवारी केली होती, हे आम्हाला ते आल्यावर कळलं.

तरीही त्याला आम्ही बोलावलं होतं, कारण बारावीचे गणिताचे गुण चांगले होते. मुलाखतीत आम्ही तोंडी प्रश्न फार विचारत नाही. एक बिघडलेलं पान देतो आणि म्हणतो, बघ काय झालंय. या वेळचं पान म्हणजे दवाखान्याचा नंबर लावायचा फॉर्म. नाव आणि मोबाइल नंबर भरून बटण दाबायचं. तक्रार अशी की एकाच पेशंटची नोंद कधी कधी दोनदा होते.

मुलगा वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत राहिला. इथली ओळ तिथे केली, पुन्हा जागेवर आणली. शेवटी म्हणाला, "सर, हे क्लासमध्ये नव्हतं." आम्ही आभार मानून त्याला पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी त्या दोन ओळी.

त्याच दिवशी बारामतीकडची एक मुलगी आली होती. बी.एस्सी. झालेली, इंग्रजी बोलताना अडखळणारी. तिने खालूच्या खानावळीसाठी डब्यांच्या ऑर्डर घेणारं एक साधं पान केलं होतं, दिसायला अगदीच ओबडधोबड. तिने आमचा फॉर्म आधी स्वतः भरून पाहिला. मग ब्राउझरचे डेव्हलपर टूल्स उघडले. ते प्रत्येक कॉम्प्युटरवर फुकट असतात, बहुतेक ठिकाणी एफ-१२ दाबलं की उघडतात. त्यातल्या नेटवर्कच्या रकान्यात बटण दाबल्यावर सर्व्हरकडे काय जातं ते दिसतं. ती म्हणाली, "दोनदा दाबलं की दोनदा जातंय. नेट हळू असेल तर माणूस दाबणारच. एकदा दाबल्यावर बटण बंद करता येईल, पण तेवढ्याने पुरतं का ते मला माहीत नाही. बघावं लागेल."

पुरत नाहीच. सर्व्हरनेही तीच नोंद पुन्हा आली का ते तपासायला हवं. तिला ते आलं नाही, तरी आम्ही तिला घेतलं.

हे ऐकून चाचा हसले. "म्हणजे तिने आधी मीटर लावलं. माझ्या पोराने सरळ पाना हातात घेतला."

याहून नेमकं आम्हाला आजवर सांगता आलेलं नाही.

छोट्या कंपनीत नवख्या माणसाचा पगार हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा खर्च त्याच्या शेजारी बसून शिकवणाऱ्या जुन्या माणसाच्या वेळेचा. इन्फोसिससारख्या कंपनीचा म्हैसूरला प्रशिक्षणासाठी स्वतंत्र परिसर आहे. आमच्याकडे एक जादा खुर्ची आहे. म्हणून ज्याला अडलं की कुठे पाहायचं हे ठाऊक आहे आणि 'मला माहीत नाही' म्हणायला लाज वाटत नाही, तोच आम्हाला परवडतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं तेव्हापासून तर मुलं कोड कुठूनही लिहून आणतात. त्याला आमची हरकत नाही, आम्हीही वापरतो. पण ही ओळ काढली तर काय होईल, एवढं आम्ही विचारतो. बरेच जण तिथेच गळतात.

चाचांचा पुढचा प्रश्न पैशांचा होता. आता दुसरा क्लास लावू का? आम्ही म्हटलं, मुळीच नको. एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्ट आधी नीट येऊ द्या, ते शिकायला फी लागत नाही. मोझिलाचं एमडीएन आणि फ्रीकोडकॅम्प दोन्ही मोफत आहेत. केलेलं काम गिटहबवर विनामूल्य ठेवता येतं. जुना पण चालणारा लॅपटॉप आणि घरात दोन तास कुणी हाक न मारण्याची सोय, एवढं द्या. (दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा महाग पडते, हे आमच्या घरातल्या अनुभवावरून सांगतो.) एक मात्र लक्षात ठेवा. नोकरी देण्याआधी 'ट्रेनिंग डिपॉझिट' मागणारी किंवा मूळ मार्कशीट ठेवून घेणारी कंपनी दिसली की उठून यायचं. कामाला माणूस हवा असलेला मालक त्याच्याकडूनच पैसे घेत नाही.

बारामतीच्या मुलीची अम्मी रुजू होण्याच्या आदल्या दिवशी ऑफिस पाहायला आली होती. कोण कुठे बसतं, सुटी किती वाजता, बाथरूमला कडी आहे का, सगळं तिने पाहिलं. आमच्यातल्या एका तरुणाला ते विचित्र वाटलं. आम्हाला आवडलं. कडी ढिली होती, ती त्याच दिवशी बदलली.

जाताना चाचा म्हणाले, "बाजी, हे सगळं त्यालाच सांगाल का? माझं ऐकून घेणार नाही." शनिवारी मुलगा आला. खाली मान घालून बसला. तोच फॉर्म पुन्हा उघडला, एफ-१२ दाखवलं, आणि आम्ही चहा करायला उठलो. परत आलो तर तो बटण दाबून दाबून नेटवर्कचा रकाना बघत होता. "सर, हे आधी का नाही सांगितलं कुणी?" त्याने विचारलं. क्लासबद्दल विचारत होता की आमच्याबद्दल, ते आम्ही विचारलं नाही.

त्याला नोकरी दिलेली नाही, जागा भरल्या होत्या. वर्षाअखेर एक निघेल, तेव्हा त्याने अर्ज करावा असं सांगितलं आहे. आम्ही मात्र आता ज्यांना मुलाखतीला बोलावतो त्यांना नकार देताना काय जमलं नाही ते चार ओळींत लिहितो. त्यात आमची एक संध्याकाळ जाते.

परवा चाचांचा फोन होता. मुलगा त्यांच्या दुरुस्तीच्या कामांची नोंद ठेवणारं पान बनवतोय. "वहीच बरी होती," ते कुरकुरत होते. "रोज विचारतो, अब्बा, हा रकाना कशाला, तो कशाला. गिऱ्हाइकानेसुद्धा मला इतके प्रश्न विचारले नाहीत कधी."