नंबरपाटीची वही

‘ज्याच्या मनात पाप नाही, त्याने कॅमेऱ्याला का भ्यावे?’ हा प्रश्न हल्ली इतक्या साळसूदपणे विचारला जातो की, विचारणाऱ्याकडे त्याच्या कपाटाची किल्ली मागावीशी वाटते. पाप नसले तरी माणूस खोलीचे दार लावतोच की!

नाक्यावरच्या हवालदाराने गाड्यांचे नंबर पाहावेत. चोरीची गाडी सापडावी, भरधाव हाकणाऱ्याला दंड व्हावा. त्याबद्दल तक्रार नाही. पण हवालदार संध्याकाळपर्यंत बाकीच्या साऱ्या गाड्या विसरून जातो. यंत्र विसरत नाही. ते प्रत्येक नंबरापुढे जागा, तारीख आणि वेळ लिहून ठेवते. वर्षभराच्या अशा नोंदी एकापुढे एक मांडल्या, म्हणजे कोण कोणत्या डॉक्टरकडे, कोणत्या वकिलाकडे, कोणत्या देवळात वा मशिदीत आणि कोणत्या मोर्चाला जातो, हे त्याला न विचारताच कळते.

इंग्लंडात रॉयस्टन नावाचे एक लहानसे गाव आहे. पोलिसांनी तेथे असे सात कॅमेरे बसवले की, नोंद झाल्यावाचून गाडीला गावात शिरता येईना की बाहेर पडता येईना. भाजी आणायला निघालेली गृहिणीसुद्धा वहीत! २०१३ साली तेथील माहिती आयुक्तांनी हा उद्योग बेकायदेशीर ठरवला. बर्मिंगहॅमची कथा तर याहून लाजिरवाणी. तेथे मुसलमान वस्त्यांत दोनशेवर कॅमेरे उभे राहिले. रहिवाशांना कारण सांगितले रस्त्यावरच्या गुन्ह्यांचे, आणि पैसा आला होता दहशतवादविरोधी निधीतून! २०१० साली बिंग फुटले, पोलिसांना माफी मागावी लागली आणि कॅमेरे उतरवावे लागले.

‘मग पोलिसांनी काय डोळे मिटून बसावे?’ मुळीच नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्याचा कायदा पाहा. चोरीच्या वा हव्या असलेल्या गाडीशी नंबर जुळला नाही, तर तीन मिनिटांत नोंद पुसायची. चोर सापडतो आणि साव सुटतो.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. पुढे २०२३ साली माहितीरक्षणाचा कायदा झाला. आणि त्यातच, सरकारला आपल्या संस्था त्या कायद्याबाहेर ठेवण्याची मुभाही ठेवली गेली! कुलूप लावायचे आणि किल्ली दारालाच टांगायची, अशातला हा प्रकार.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०२४ पासून कॅमेरे नंबर टिपून दंडाच्या चिठ्ठ्या पाठवीत आहेत. नियम मोडणाऱ्याकडून दंड खुशाल घ्या. पण भाऊबिजेला बहिणीकडे निघालेल्या भावाने कोणताही नियम मोडला नसेल, तर त्याच्या गाडीची नोंद कोण पाहणार आणि किती वेळ ठेवणार? तो आकडा कायद्यातच छापा, आणि मिनिटांत छापा.