बैल बांधले का?

आज विसरण्याविषयी थोडे बोलू. म्हातारपणी हळूहळू येते ते विसरणे नव्हे; सकाळपर्यंत धडधाकट असलेला माणूस अचानक काही तासांपुरता विसरतो, ते.

कारभारी वावरातून येतात, ओसरीवर टेकतात. "बैल बांधले का वं?" घरधनीण म्हणते, "बांधले ना जी." पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न. मग पुन्हा. घरच्यांना ओळखतात, स्वतःचे नाव सांगतात. पण सकाळी काय केले ते सांगता येत नाही आणि आत्ता दिलेले उत्तरही टिकत नाही. कोणी म्हणते बाहेरचे आहे, कोणी म्हणते घेऊन आले असतील.

मेंदूत कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर, 'हिप्पोकॅम्पस' नावाचा लहानसा भाग दोन्हीकडे असतो. नव्या गोष्टीची नोंद तिथे होते. अमेरिकेत १९५३ साली फिट थांबावी म्हणून एका तरुणाचा हा भाग दोन्ही बाजूंनी बराचसा काढला. त्याला लहानपणचे आठवे, पण नवा भेटलेला माणूस बाहेर जाऊन परत आला की तो पुन्हा अनोळखी. २००८ साली वारला तोवर असेच चालले.

आपल्या कारभाऱ्यांचा तो भाग गेलेला नसतो, तेवढा वेळ बंद पडलेला असतो. जिनात कापूस मोजून घेतला पण पावती फाडलीच नाही, असे समजा. म्हणून बरे झाल्यावरही ते तास बहुधा आठवत नाहीत. त्यासाठी त्यांना खोदून खोदून विचारू नये.

याचा एक प्रकार पन्नाशीनंतर दिसतो. थंड पाण्यात उतरणे, जड ओझे, मनाला धक्का, असे काही निमित्त होते आणि चोवीस तासांच्या आत तो आपोआप ओसरतो. पण घरी बसून तसे ठरवू नका. डोक्याला मार, फिट, पक्षाघात, मधुमेहाच्या औषधाने उतरलेली साखर यांनीही असे होते. आणि आपल्याकडे आणखी एक कारण आहे, फवारणी.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी उंच वाढली होती, फवारा तोंडावर येत होता. वीसवर माणसे गेली, शेकडो दवाखान्यात दाखल झाली. फवारणाऱ्याने काळजी घेतली नाही, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. डब्यावरची मुंगीएवढी अक्षरे वाचायची कोणी आणि त्या उकाड्यात तोंड बांधून पंप चालवायचा कोणी, ते मात्र सांगितले नाही.

मेंदूत निरोप नेणारे एक द्रव्य असते, अ‍ॅसिटिलकोलीन. आठवण धरून ठेवायलाही ते लागते. काम झाले की ते मोडून टाकणारे दुसरे द्रव्य असते. ऑर्गनोफॉस्फेट जातीचे कीटकनाशक या दुसऱ्यालाच अडवते. मग निरोप साचतात. दरदरून घाम, लाळ, उलटी, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, अंग फडफडणे आणि भान सुटणे.

यावर अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन देतात. धोतऱ्यात असते तेच हे द्रव्य. धोतरा पोटात गेलेला माणूस कसा बरळतो, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. अ‍ॅट्रोपिन जास्त लागले की रोगीही तसाच बरळतो, हवेत हात मारतो, नंतर त्याला त्यातले काही आठवत नाही. घरचे घाबरतात, इंजेक्शनने वेड लावले म्हणतात आणि रोग्याला घरी न्यायला निघतात. तसे करू नका. डॉक्टरांना सांगा, ते मात्रा पाहतील. औषध उतरले की बरळणे थांबते.

फवारणीनंतर माणूस असा वागू लागला तर आपल्या हाताला औषध लागू न देता त्याचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि १०८ ला फोन करा. एकीकडे धुणे चालू असताना दुसऱ्याने फोन करावा. कोणते औषध, कशात मिसळले, किती वाजता फवारले, हे डॉक्टर विचारतील आणि रोग्याला नेमके तेच आठवत नसेल. बाटली बांधावर राहिली असेल तर पोराला पाठवा, पण तिच्यासाठी गाडी थांबवू नका. बाटली मागून येऊ द्या.