अपात्र, पण का?

या आठवड्यात एका ओळीच्या पत्राने माझं डोकं फिरवलं. मराठवाड्यातल्या एका गावातून आलेल्या ताईंनी ते पुढ्यात ठेवलं. त्यांच्या नवऱ्याने आत्महत्या केली होती. सरकारी मदतीच्या प्रकरणाचा निकाल असा, की ते समितीने अपात्र ठरवलं आहे. खाली सही, शिक्का. कारण कुठेच नाही.

नियम थोडक्यात सांगतो. 23 जानेवारी 2006 च्या शासन निर्णयानुसार आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला 1 लाख रुपये मिळतात, 30 हजार हातात आणि 70 हजार ठेवीत. पात्र की अपात्र, ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती ठरवते. नापिकी, कर्जाची थकबाकी आणि वसुलीचा तगादा पाहिला जातो. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. 2023 साली मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत 1,088 शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या, त्यातल्या 269 एकट्या बीडमध्ये.

ताईंकडे साडीच्या दुकानाची पिशवी होती. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, सातबारा, आठ-अ, सगळं नीट लावलेलं. सगळ्यात खाली शाळेच्या वहीचं एक पान. त्यावर नवऱ्याच्या अक्षरात तारखा, रकमा आणि प्रत्येक रकमेपुढे ‘शेकडा 5’. म्हणजे महिन्याला शंभरामागे पाच रुपये व्याज. सातबारा सासऱ्यांच्या नावावर, त्यामुळे बँक दारात उभी करत नव्हती. मग गावातलाच एक जण पैसे द्यायचा. त्याच्याकडे परवाना कुठला असणार? तगादा मात्र रोज दारात. कदाचित प्रकरण या वहीपाशीच अडलं असेल, कदाचित सातबाऱ्यापाशी. मी अंदाज करतोय, कारण पत्र काहीच बोलत नाही.

त्या म्हणाल्या, “दादा, पैशाचं राहू द्या. काय कमी पडलं ते तर सांगावं ना.”

ही मदत सानुग्रह असते, हक्काची नव्हे, असं उत्तर मी अनेकदा ऐकलंय. मला ते अजिबात पटत नाही. पैसा जनतेच्या तिजोरीतला आहे. तो कोणाला दिला, कोणाला नाकारला आणि कशासाठी, हे सांगणं देणाऱ्याचं काम आहे. वीज पडून माणूस गेला तर 4 लाख, शेतकऱ्याचा अपघाती मृत्यू झाला तर गोपीनाथ मुंडेंच्या नावाच्या योजनेतून 2 लाख. आत्महत्येचा आकडा मात्र 2006 पासून लाखावरच थांबलाय. हा फरक कोणत्या हिशेबाने ठरला, हेही कोणी समोर येऊन सांगितलेलं नाही.

आणि जिथे नियमापेक्षा देणाऱ्याची मर्जी मोठी असते, तिथे कॅमेरा आधी पोचतो. 8 मे 2020 ची पहाट आठवा. जालन्याहून भुसावळकडे पायी निघालेले मध्य प्रदेशातले मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले होते. मालगाडीखाली 16 जण गेले. रुळांवर विखुरलेल्या भाकरी सगळ्या देशाने पाहिल्या. त्याच दिवशी महाराष्ट्राने प्रत्येकी 5 लाख जाहीर केले, मध्य प्रदेशानेही तेवढेच. ती मदत योग्यच होती, त्याबद्दल माझ्या मनात तीळभर शंका नाही. पण टाळेबंदीत त्याच रस्त्यांनी चालताना उन्हाने, उपासाने जो एकटाच पडला, त्याचा फोटो कोणी काढला? त्याच्या घरच्यांनी कोणत्या दारात उभं राहायचं होतं? मृत्यू तोच, दुःख तेच. मदतीचा आकडा बातमीच्या आकारावर ठरू लागला, की गावखेड्यातला एकट्याचा मृत्यू कायम मागे राहतो.

याहून बरं करता येतं, हे आपणच पाहिलंय. कोविडमृत्यूंच्या सानुग्रह मदतीसाठी नियम करा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये बजावलं. त्यानंतर 50 हजार रुपये ठरले, तीस दिवसांची मुदत आली, तक्रार निवारण समिती आली आणि दावा नाकारला तर स्पष्ट कारण नोंदवायचं बंधनही आलं. तीही सानुग्रह मदतच होती. मग शेतकऱ्याच्या विधवेला कारण सांगायला काय अडचण आहे?

अपात्र ठरलेल्यांची नावं चावडीवर लावा, असं मी म्हणत नाही. घरावर आधीच काय कमी ओढवलंय? कारण कुटुंबाला लेखी द्या. मराठवाड्याच्या विभागीय आयुक्तालयातून आत्महत्यांचे जिल्हावार आकडे बाहेर येतात, तसे नकाराच्या कारणांचेही येऊ द्या. अनधिकृत सावकारामुळे किती प्रकरणं पडली, जमीन नावावर नसल्याने किती, तेवढं कळलं तरी नियमात कुठे भोक आहे ते दिसेल.

माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 तर निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला द्या, असं 2005 पासून सांगतंय. ताईंचा अर्ज आम्ही त्याच दुपारी लिहिला. साध्या कागदावर चालतो, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नाही. उत्तराची मुदत 30 दिवस. असं एका ओळीचं पत्र ज्यांच्या घरात पडून असेल, त्यांनीही अर्ज करावा. मजकूर जमत नसेल तर मला कळवा, मी लिहून देईन.