संसदेने फेरीवाल्यांसाठी कायदा केला, मग पालिकेची गाडी आली की ते पळतात का?

संध्याकाळी स्टेशनबाहेर अचानक गडबड उडते. 'गाडी आली' अशी हाक येते आणि भाजीच्या पाट्या, कपड्यांचे ढीग, चपलांचे स्टँड दोन मिनिटांत गल्लीबोळांत गायब होतात. पालिकेचं अतिक्रमणविरोधी पथक निघून गेलं की अर्ध्या तासात सगळं पुन्हा जागेवर येतं. मुंबई, ठाणे, पुण्यात राहणाऱ्यांना हे दृश्य इतकं सवयीचं आहे की त्यामागे एखादा कायदा असेल, असा विचारही फारसा कुणाच्या मनात येत नाही.

पण कायदा आहे, आणि तो थेट संसदेने केलेला आहे. 'पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम' हे त्याचं नाव. सप्टेंबर २०१३ मध्ये तो लोकसभेत आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये राज्यसभेत मंजूर झाला. राष्ट्रपतींची मोहोर उमटल्यावर १ मे २०१४ पासून तो लागू झाला. विक्रेत्याला कधी हटवता येतं, माल जप्त झाला तर काय करायचं, कुठे बसायचं हे कोण ठरवणार, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे.

मग रस्त्यावर काहीच का बदललं नाही? त्याचं उत्तर फक्त फेरीवाल्यांपुरतं नाही. संसदेत मंजूर झालेला कायदा आपल्या गल्लीपर्यंत कसा पोहोचतो आणि वाटेत कुठे अडकतो, तेही या एका उदाहरणातून समजतं.

कायद्याची गरज का पडली?

फेरीवाल्यांचा प्रश्न आधी न्यायालयात गेला आणि नंतर संसदेत. १९८५ मध्ये मुंबईतल्या फेरीवाल्यांच्या संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला क्षेत्रं आणि ना-फेरीवाला क्षेत्रं ठरवण्याची दिशा दिली. १९८९ मध्ये दिल्लीच्या सोदान सिंग खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. रस्त्यावर धंदा करणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(छ) खालचा मूलभूत हक्क आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात, असं न्यायालयाने सांगितलं.

पुढे केंद्राने २००४ आणि २००९ मध्ये राष्ट्रीय धोरणं आणली. पण धोरण पाळलं नाही म्हणून पालिकेला जाब विचारता येत नाही. २०१० मध्ये गैंदा राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सरकारला कायदाच करायला सांगितलं. तोपर्यंत बहुतेक शहरांत कारवाई जुन्या पालिका कायद्यांनुसारच होत होती. मुंबईत तो कायदा १८८८ चा आहे. त्याच्या कलम ३१४ नुसार रस्त्यावर विक्रीला मांडलेला माल पूर्वसूचना न देताही उचलता येतो.

२०१४ च्या कायद्याने हे समीकरण बदललं. इतर कोणत्याही कायद्यातली तरतूद याच्याशी विसंगत असेल तर २०१४ चा कायदा वरचढ ठरेल, असं त्याच्या कलम ३३ मध्ये स्पष्ट म्हटलं आहे.

कायदा नेमकं काय सांगतो?

मुख्य तरतुदी अशा आहेत:

- दर पाच वर्षांनी किमान एकदा शहरातल्या सगळ्या पथविक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं.
- सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही हटवायचं नाही.
- वॉर्ड, झोन किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचं.
- जागेवरून हटवायचं असेल तर ३० दिवसांची नोटीस द्यायची.
- नोटिशीची मुदत संपूनही जागा सोडली नाही तरच माल जप्त करायचा आणि जप्त मालाची सही केलेली यादी विक्रेत्याला द्यायची.
- विक्रेत्याने दावा केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत करायचा. त्यासाठी ठरलेलं शुल्क विक्रेत्याने भरायचं.

विक्रेत्यांवरही जबाबदाऱ्या आहेत. प्रमाणपत्र मिळालेल्याने धंदा स्वतः किंवा कुटुंबातल्या माणसांमार्फतच करायचा, ते प्रमाणपत्र दुसऱ्याला भाड्याने द्यायचं नाही. जागा स्वच्छ ठेवायची. प्रमाणपत्राशिवाय विक्री केली तर दोन हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

एक अपवाद मुंबईकरांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेल्वेच्या मालकीच्या जागेला आणि गाड्यांना हा कायदा लागू नाही. म्हणजे पुलाच्या पायऱ्यांवर बसलेल्या विक्रेत्याला एक कायदा आणि त्याच पायऱ्या उतरून पालिकेच्या फुटपाथवर बसलेल्याला दुसरा.

निर्णय कोणी घ्यायचा?

या कायद्यातली सगळ्यात महत्त्वाची यंत्रणा म्हणजे नगर पथविक्रेता समिती. पालिका आयुक्त किंवा मुख्याधिकारी तिचे अध्यक्ष असतात. पोलीस, वाहतूक विभाग, नियोजन यंत्रणा, रहिवासी संघटना यांचे प्रतिनिधी तिच्यात असतात. पण किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी मतदान करून निवडलेले असावेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश जागा महिलांच्या असाव्यात, ही अट आहे.

यामागचा विचार सोपा आहे. कोणत्या रस्त्यावर किती जण बसू शकतात, सकाळी भाजी आणि संध्याकाळी खाद्यपदार्थ अशी वेळेची वाटणी करता येईल का, हे कार्यालयात बसून ठरत नाही. जो रस्ता वापरतो, जो रस्त्यावर पोट भरतो आणि जो रस्ता सांभाळतो, त्या सगळ्यांनी एकत्र बसून ते ठरवायचं.

मग गाडं अडलं कुठे?

संसदेचा कायदा हा बहुतेक वेळा सांगाडा असतो. त्यात रक्तमांस भरतं ते नियमांमधून, आणि ते नियम करण्याचं काम सरकारांकडे सोपवलेलं असतं. या कायद्यात राज्यांना दोन कामं मुदतीसह दिली होती. सहा महिन्यांत योजना करायची, म्हणजे नोव्हेंबर २०१४ पर्यंत. एका वर्षात नियम करायचे, म्हणजे मे २०१५ पर्यंत. महाराष्ट्राचे नियम आले २०१६ मध्ये आणि योजना २०१७ मध्ये.

मुदत चुकली तर काय, याचं उत्तर कायद्यात नाही. विक्रेत्याने प्रमाणपत्र घेतलं नाही तर त्याला दंड आहे. सरकारने नियम वेळेत केले नाहीत किंवा पालिकेने समिती नेमली नाही, तर कुणालाच दंड नाही.

दुसरी अडचण रचनेतली आहे. सर्वेक्षण समितीच्या देखरेखीखाली व्हायला हवं. समितीत विक्रेत्यांचे निवडून आलेले प्रतिनिधी हवेत. त्यांना निवडायचं तर मतदार यादी हवी. आणि मतदार यादी येणार कुठून? सर्वेक्षणातून. हे कोडं सोडवता सोडवता अनेक शहरांची वर्षं गेली.

मुंबईचंच पाहा. २०१४ मध्ये पालिकेने सर्वेक्षण केलं, तेव्हा सुमारे ९९ हजार अर्ज आले. छाननीत त्यांतले बहुतेक गळाले. समितीसाठी मतदान झालं ते थेट २९ ऑगस्ट २०२४ रोजी, म्हणजे कायदा लागू होऊन दहा वर्षं उलटल्यावर. त्या मतदार यादीत ३२ हजारांच्या आसपास नावं होती. ज्यांची नावं यादीत नव्हती, त्यांच्या हक्काचा वाद न्यायालयात गेला आणि मतदान होऊनही निकालाचं घोडं तिथेच अडलं.

आता अडीच टक्क्यांचं गणित करू. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. तिचे अडीच टक्के म्हणजे तीन लाखांहून अधिक. कायद्याची कमाल मर्यादा तीन लाख, आलेले अर्ज एक लाख आणि यादीतली नावं ३२ हजार. या आकड्यांमधल्या दरीत जे विक्रेते उरतात ते रस्त्यावरून नाहीसे होत नाहीत. ते फक्त कागदावर नसतात. आणि कागदावर नसलेल्याला नोटीस मिळत नाही, जप्तीची यादी मिळत नाही, दाद मागायला जागा मिळत नाही. त्याला मिळते ती 'वरकड' मागणाऱ्यांची भेट.

कागदावर नसण्याची किंमत दुसरीकडेही मोजावी लागते. जून २०२० मध्ये केंद्राने पीएम स्वनिधी योजना सुरू केली. त्यात विक्रेत्यांना सुरुवातीला १० हजार रुपयांचं विनातारण कर्ज मिळत होतं. त्यासाठी ओळखपत्र किंवा विक्री प्रमाणपत्र लागायचं. सर्वेक्षणातून सुटलेल्यांना पालिकेचं शिफारसपत्र आणावं लागलं. कायद्याचं मूळ काम अर्धवट राहिलं की त्यावर उभ्या राहणाऱ्या योजनाही अशा वळसा घालून चालतात.

पादचाऱ्यांचं काय?

'फुटपाथ चालण्यासाठी आहे की धंद्यासाठी?' हा प्रश्न रास्त आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वापरण्याजोगे फुटपाथ मिळणं हा पादचाऱ्यांच्या जगण्याच्या हक्काचा, म्हणजे अनुच्छेद २१ चा, भाग असल्याचं म्हटलं. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत वीसहून अधिक जणांचा जीव गेला. त्यानंतर स्थानक परिसरातल्या फेरीवाल्यांचा मुद्दा पेटला. १ नोव्हेंबर २०१७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रेल्वे स्थानकांपासून १५० मीटर आणि शाळा व प्रार्थनास्थळांपासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई करणारा निकाल दिला.

पण अशी मनाई टिकवायची तर 'इथे नाही' याच्या जोडीला 'मग कुठे' हेही सांगावं लागतं. ते सांगण्याची जबाबदारी याच कायद्याने पालिकेवर टाकली आहे. समितीच्या शिफारशीनुसार दर पाच वर्षांनी पथविक्रीचा आराखडा करायचा, त्यात विक्रीला मोकळे, मर्यादित आणि बंदी असलेले भाग ठरवायचे. म्हणजे पादचाऱ्यालाही मोकळा फुटपाथ मिळवून देण्याचा रस्ता याच कायद्यातून जातो. आराखडाच नसेल तर रोज पळापळ होते आणि रोज संध्याकाळी फुटपाथ पुन्हा भरतो.

नागरिक काय विचारू शकतात?

आपल्या शहरात नगर पथविक्रेता समिती आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, शेवटचं सर्वेक्षण कोणत्या वर्षी झालं, आराखडा मंजूर आहे का आणि तक्रार निवारण समिती नेमली आहे का, हे पाच प्रश्न माहिती अधिकारात पालिकेला विचारता येतात. त्यांची उत्तरं विक्रेत्याइतकीच पादचाऱ्याच्याही कामाची आहेत. माल जप्त झालेल्या विक्रेत्याने सगळ्यात आधी मागायची गोष्ट म्हणजे जप्तीची सही केलेली यादी. तिच्याशिवाय पुढची दाद मागणं कठीण होतं.

विधेयक मंजूर झालं की बातम्यांमध्ये बाकं वाजवल्याचा आवाज ऐकू येतो. त्यानंतरचे नियम, अधिसूचना, समित्या आणि मतदार याद्या यांची बातमी क्वचितच होते. कोपऱ्यावरच्या भाजीवालीचा दिवस कसा जाईल आणि तिच्या शेजारून चालणाऱ्याला जागा मिळेल की नाही, हे मात्र त्यांच्यावरच ठरतं. संसदेने आपलं काम २०१४ मध्ये केलं. उरलेलं काम कुणाकडे, किती वर्षं पडून आहे, हे आता प्रत्येक शहराने आपापल्या पालिकेला विचारायचं आहे.