मामा नव्हे, लीड

या आठवड्यात मला घर विकण्यासाठी सहा फोन आले. मी घर शोधत नाही. छत्तीस वर्षं डोंबिवलीच्या याच दुसऱ्या मजल्यावर आहे आणि दुपारी दोन ते चार मला उठवलं की काय होतं, हे या सदराचे वाचक जाणून आहेत. पाच जणांना मी जेमतेम सभ्यपणे वाटेला लावलं. सहावा म्हणाला, "गुड आफ्टरनून सर, शिळफाट्याला टू बीएचके बघताय का?" आवाज ओळखीचा निघाला.

"गाढवा, तू?"

पलीकडे शांतता. मग दबक्या आवाजात, "मामा, कॉल रेकॉर्ड होतोय. सर म्हणू दे ना."

माझा भाचा एजंट झाला, त्याची ही बातमी. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी त्याला एक्सेल शीट दिली आणि मोबाइलमधली दोनशे नावं 'लीड' म्हणून भरायला सांगितली. माझा नंबर तिसरा. पहिला त्याच्या आईचा. तिलाही फोन गेला म्हणे, आणि तिने चक्क ब्रोशर मागवलं.

आता माहितीचं एकदाचं उरकून घेतो. रेरा हा स्थावर मालमत्तेच्या व्यवहारांचा कायदा 2016 चा, आपल्याकडे महारेरा प्राधिकरण 2017 पासून. नोंदणीकृत प्रकल्पातले फ्लॅट विकायचे तर एजंटलाही नोंदणी लागते; एकट्या माणसाला फी दहा हजार, मुदत पाच वर्षं. 2023 पासून नोंदणीआधी प्रशिक्षण घेऊन परीक्षाही पास व्हावी लागते. अमेरिकेत नव्या एजंटला एखाद्या ब्रोकरच्या हाताखालीच काम करावं लागतं, आपल्याकडे तशी सक्ती नाही. तरी परीक्षा पास झालेलं पोरगं कुठलं तरी ऑफिस शोधतंच, कारण प्रमाणपत्र दाखवून कोणी गिऱ्हाईक देत नाही.

भाच्यापुढे दोन ऑफिसं होती. एक काचेचं: कॉफी मशीन, गळ्यात पट्टा, महिना पंधरा हजार आणि क्लोजर झालं तर वर किरकोळ इन्सेंटिव्ह. दुसरं स्टेशनजवळ, जिन्याखाली: पगार शून्य, पण दलालीत निम्मी वाटणी. भावजी पगाराकडे झुकले, बहीण एसीकडे. मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर म्हणालो असतो, बाबा, एवढंच विचारून ये की बिल्डरकडून दलाली यायला महिने लागतात, तोवर तू सोडून गेलास तर तुझा वाटा कोणाचा? काचेच्या ऑफिसात त्याने हे आत्ता, नोकरीला लागल्यावर विचारलं. उत्तर मिळालं, "पॉलिसी आहे."

आम्हाला हे घर मिळवून दिलं त्या एजंटकाकांची पॉलिसी नव्हती, खिळे होते. दुकानाच्या भिंतीला लाकडी फळी, फळीला खिळे, खिळ्यांना किल्ल्या, आणि किल्लीला पुठ्ठ्याचा तुकडा. त्यावर पेन्सिलीने फक्त माळा आणि आडनाव. लोक आखातात जाताना किल्ली त्यांच्याकडे ठेवून जात. एका घरातल्या तुळशीला ते दर रविवारी पाणी घालत. त्याचे पैसे कोणी दिले नव्हते, त्यांनी मागितलेही नव्हते. हाताखाली एक पोऱ्या असे. त्याला ते घर दाखवायला पुढे पाठवत नसत, मागून आणत. घरात शिरलं की आधी मोरीचा नळ सोडायचा, मग शेजारच्या बाईंना पाणी किती वाजता येतं ते विचारायचं, आणि हॉलचं कौतुक शेवटी. पोऱ्याला हे दोन वर्षं बघावं लागलं. मगच त्याच्या हातात किल्ली आली.

आम्हाला त्यांनी अकरा घरं दाखवली. सातवं बायकोला फार आवडलं होतं: गॅलरी, वारा, समोर शाळा. मी टोकन द्यायला खिशात हात घातला, तर काकाच म्हणाले, "ताई, हे घेऊ नका. पाणी रात्री दीडला येतं, तुमची लहान मुलं आहेत." त्या दिवशी त्यांची दलाली बुडाली. पुढे आमच्याच नात्यातली चार घरं त्यांच्याकडून झाली. आम्ही त्यांच्या वहीत 'गिऱ्हाईक' होतो, आणि नावापुढे पेन्सिलीने लिहिलेलं असे: 'दोन मुलं, सासूबाई, जिना चढवत नाही'.

दुकान आता त्यांचा मुलगा चालवतो. फळी तिथेच आहे, किल्ल्या कमी झाल्यात. भाच्याला मीच घेऊन गेलो. मुलगा म्हणाला, पगार देणार नाही, बसायचं तर बस, आणलेलं गिऱ्हाईक तुझंच राहील. भाचा खुर्चीवर तासभर बसला. म्हणाला, या महिन्याचा पगार हातात पडू दे, मग ठरवतो.

दोनशे नावांची ती शीट मात्र ऑफिसकडेच राहणार आहे. काल साडेतीनला पुन्हा फोन आला. कोणी मुलगी होती, आणि या वेळी पनवेल होतं.